गाडीतले गाणे

आमच्या घरात एका उन्हाळ्यात छोटेसे युद्ध झाले. निमित्त होते मोटारीतल्या 'टेप'चे. वास्तविक आमच्या मोटारीत टेप नाहीच. २०१२ साली घेतलेल्या त्या गाडीत रेडिओ आणि सीडी घालायची फट, एवढीच सोय होती. पण मोटारीत जे काही वाजते त्याला आमच्या पिढीच्या तोंडी 'टेप' हाच शब्द आहे आणि तो आता बदलायचा नाही. लेकीचे म्हणणे, "बाबा, हा टेप काढून टाका. नऊ इंची स्क्रीन बसवू. फोन जोडला की जगातलं कुठलंही गाणं!" सौभाग्यवतींचे म्हणणे, सीडी वाजते आहे तोवर खर्च कशाला? आणि मागच्या सीटवर उशी घेऊन बसणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या आईचे म्हणणे सर्वांत साधे होते : "काहीही बसवा. पण त्यात आपल्या कॅसेटी लागतील ना?"

नाना पेठेतल्या चार-पाच दुकानांत मी हाच प्रश्न घेऊन फिरलो. कॅसेट हा शब्द ऐकून एक पोरगा चक्क हसला. दुसऱ्याने "काका, आता सगळं क्लाऊडमध्ये असतं," असे सांगून वर आभाळाकडे बोट दाखवले.

माझा यंत्रांवर राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. मोटारीत गाणे असावे ही हौसही काही आजची नाही. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला, त्याचे नाव 'मोटोरोला'. पुढे कंपनीचेच नाव ते झाले. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि मोटारीत काय वाजावे हे ठरवण्याचा अधिकार रेडिओ केंद्राकडून गाडीवाल्याकडे आला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या तेव्हा तर क्रांतीच झाली. रेकॉर्ड प्लेअर ज्यांनी कधी पाहिला नव्हता त्यांच्या घरात गाणे आले, आणि ट्रकमध्ये, जीपमध्ये, वडापच्या गाडीत प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घुमू लागला. पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या कॅसेटींमुळे पु. ल. देशपांडे मोटारीत मागे बसून आपल्याबरोबर गावाला येऊ लागले. आमच्या जुन्या मारुती ८००च्या मागच्या फळीवर लाकडी खोक्यातले दोन स्पीकर होते. त्यांच्या शेजारी उन्हात तापून वेड्यावाकड्या झालेल्या कॅसेटींचा ढीग असे. त्या गाडीत ऐकलेल्या गाण्यांची सर पुढे कशालाच आली नाही, असे आमचे हिचे मत आहे. ते खोटे आहे, आवाज अगदी भिकार होता. पण मी वाद घालत नाही.

तर मुद्दा असा, की गाडीतले गाणे सुधारायचे झाले तर पैसा नेमका कुठे घालायचा? दुकानदार सांगतो पडद्यात. माझे मत असे, की पडदा हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग आहे.

दुकानातल्या खोक्यावर ठळक अक्षरांत '५० वॅट × ४' असे छापलेले असते. गिऱ्हाईक मनातल्या मनात दोनशे वॅटचा गुणाकार करते आणि खूश होते. आता शाळेतले भौतिकशास्त्र आठवा. मोटार चालू असताना तिच्या विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. यंत्राच्या आत वेगळी सोय करून व्होल्टेज वाढवलेले नसेल (आणि डॅशबोर्डातल्या साध्या यंत्रात ते नसतेच) तर एका स्पीकरला स्वच्छ आवाजात २६ वॅटच्या वर शक्ती देताच येत नाही. प्रत्यक्षात वीस मिळाली तरी पुष्कळ. मग ५० आले कुठून? आवाज इतका वाढवायचा की ध्वनीच्या गोलसर लाटेचा माथा आणि तळ छाटला जाऊन ती चौकोनी व्हावी. १४.४चा वर्ग करून त्याला ४ने भागा, ५२च्या जवळ उत्तर येईल. म्हणजे खोक्यावरचा आकडा अगदीच खोटा नसतो. फक्त तो गाणे फाटल्यानंतरचा असतो!

त्यातून गंमत अशी, की वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलने. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दसपट शक्ती लागते. उलट, दिलेल्या विजेतून जास्त आवाज काढणारा, तीन डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर घेतला, तर अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट केल्याचे फळ तिथेच मिळते. हा आकडाही खोक्यावर असतो, पण बारीक अक्षरांत, मागच्या बाजूला. कंपनीतून गाडीबरोबर येणारे स्पीकर बऱ्याचदा हलक्या कागदी शंकूचे असतात. पुढच्या दोन दारांतले तेवढे बदलले, उंच स्वरांसाठी छोटे ट्विटर कानाच्या पातळीला आणले, की गाणे पायापाशी न वाजता समोर काचेपाशी वाजू लागते. या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा नऊ इंची पडद्याने पडत नाही. पडदा गातच नाही मुळी.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ती दिसत नाही. गाडीचे दार म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात स्पीकर बसवला की पत्राही गाऊ लागतो. दाराच्या आत रबरासारखे जड, चिकट पत्रे लावून मिळतात. त्याने ही खरखर थांबते, शिवाय रस्त्याचा आवाजही थोडा कमी होतो. आणि रस्त्याचा आवाज हाच गाडीतल्या संगीताचा खरा वैरी आहे. लहान गाडी महामार्गावर लागली की आतमध्ये सत्तर डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. घरच्या शांत खोलीत तीस-पस्तीस असतो. सीडीवर कागदोपत्री ९६ डेसिबलइतका चढउतार मावतो; गाडीत त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा कानी पडतो, बाकीचा चाकांखाली जातो. म्हणून फिल्मी गाणे गाडीत बरे लागते, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोरात असते. पण किशोरीताईंची आलापी लावून पाहा. तंबोऱ्यासकट पहिली पाच मिनिटे ऐकूच येत नाहीत. आपण आवाज वाढवतो, आणि द्रुत सुरू झाली की दचकून कमी करतो. हा दोष यंत्राचा नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असल्या शिक्क्यांची महागडी यंत्रे चालत्या लहान गाडीसाठी घेणे म्हणजे एसटी स्टँडवर अत्तराची पारख करण्यासारखे आहे.

या सगळ्याचा प्रत्यक्ष पाठ आम्हाला माझ्या पुतण्याने दिला. त्याने हौसेने मोठी स्क्रीन, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आणि डिकीत बारा इंची वूफर बसवून घेतला. एका लग्नाला आम्ही त्याच्या गाडीतून गेलो. आई मागे, म्हणजे नेमकी वूफरला पाठ लावून. चाकणपर्यंत ती काही बोलली नाही. नंतर माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अरे, याच्या गाडीचं काहीतरी सुटलंय, मागून ठोकतंय." चार दिवसांनी पुतण्याची बॅटरी बसली. दुकानातल्या कारागिराने गाडीच्या मूळ वायरी कापून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळली होती आणि अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालूच राहत होता. सर्व्हिस सेंटरने वॉरंटीबद्दल हात वर केले, दुकानदाराने सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवले. बिचारा दोन महिने दोघांच्या मध्ये हेलपाटे घालत होता. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतात, ते लावले तर एकही वायर कापावी लागत नाही. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या जाड तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर-हातभर अंतरात फ्यूज असलाच पाहिजे. नाहीतर ती तार कुठे पत्र्याला घासली तर आग लागायला वेळ लागत नाही. दुकानात जाऊन 'बास किती?' हे विचारण्याआधी 'फ्यूज कुठे?' हे विचारावे.

आवाज किती असावा, हा प्रश्न चारचौघांत काढला की तरुण मंडळी कंटाळतात. तरी सांगतो. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागी कानांच्या सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ला चार तास, ९१ला दोन. १०० डेसिबलला पाव तास. पुतण्याच्या गाडीत आम्ही लग्नाला पोचेपर्यंत सगळ्यांचा महिन्याचा शिधा संपला असावा.

लेकीची बाजूही नोंदवतो, नाहीतर रविवारी सकाळीच घरात पुन्हा युद्ध व्हायचे. पडद्याचे दोन उपयोग मला मान्य आहेत. गाडी मागे घेताना कॅमेऱ्यात दिसते आणि अनोळखी गावात नकाशा दिसतो. पण गाणे बदलण्यासाठी गुळगुळीत काचेवर बोटाने चित्र शोधायचे, तेही घाटात, हे मला पटत नाही. जुन्या यंत्राचे गोल बटण डोळे रस्त्यावर ठेवून फिरवता येत असे. युरोपात नव्या मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेनेही २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींसाठी हाताला लागणारी खरी बटणे नसलेल्या गाड्यांचे गुण कापायचे ठरवले. गाण्याचे बटण त्या यादीत नाही, पण वारा कुठून वाहतो आहे ते कळते.

शेवटी आमचा तह झाला. पुढच्या दारांत चांगले स्पीकर, दारांना आतून पत्रे, आणि फटीच्या जागी पेनड्राइव्ह व ब्लूटूथ घेणारे, गोल बटणाचे एक साधे यंत्र. स्क्रीनच्या अंदाजपत्रकापेक्षा पैसे कमीच लागले. लेकीने पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर 'गीतरामायण' भरून आणले, आजीसाठी. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक या हिशेबाने वर्षभर ऐकवलेली ती छप्पन्न गीते. माडगूळकरांनी लिहिलेली, बाबूजींनी बांधलेली. यंत्राने काय करावे? पहिले गीत झाल्यावर दहावे, मग अकरावे, असे करत एकोणिसाव्यापर्यंत जाऊन मग दुसरे! रामाला विवाह करून वनवासात धाडल्यावर यंत्र मागे वळून पुत्रकामेष्टीच्या दिशेने निघाले. आई म्हणाली, "हे कुठलं रामायण?" उपाय सोपा आहे : फाइलींना ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यायचे, म्हणजे यंत्राचा गोंधळ होत नाही. नावे देवनागरीत लिहिली तर पुष्कळ यंत्रांवर नुसते चौकोन दिसतात, हे अजून चालूच आहे. मराठी गाण्याला रोमन लिपीचा पासपोर्ट लागतो. आणि ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने आखलेला येतो, ती अनेक गाड्यांना वाचता येत नाही. पण बत्तीस पुरतात. उत्तम प्रतीच्या एमपी३मध्ये पाच-पाच मिनिटांची अडीच हजारांहून जास्त गाणी त्यात बसतात. एवढी गाणी ऐकायला काशीला जाऊन परत यावे लागेल.

पेनड्राइव्ह कशाला, सगळे फोनवर येतेच की, असे लेक म्हणते. येते, पण ते भाड्याचे असते. रेसो नावाची सेवा भारतात जानेवारी २०२४मध्ये बंद झाली, एअरटेलची विंक त्याच वर्षी गुंडाळली गेली, त्याआधी २०२०मध्ये गूगलचे प्ले म्युझिक गेले. लोकांनी वर्षानुवर्षे मन लावून केलेल्या गाण्यांच्या याद्या दुसरीकडे हलवण्याची धावपळ झाली, ज्यांना जमले नाही त्यांच्या राहिल्या. भाड्याच्या घरात राहायला माझी हरकत नाही, आपण सगळेच कधी ना कधी राहिलो आहोत. पण देव्हारा भाड्याच्या घरात ठेवताना मालकाचा करारनामा वाचावा. शिवाय घाटात नेटवर्क जाते आणि गाणे मध्येच तोंड उघडे टाकून थांबते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जगातले 'कुठलेही' गाणे त्यात नाहीच. आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एकसष्ट कॅसेटी निघाल्या. त्यांतल्या चाळीसेक बाजारातल्या होत्या, त्या आज कुठेही मिळतील. बाकीच्या वडिलांनी भरलेल्या. रेडिओवरची मैफल, गणपतीतले कीर्तन, माझ्या मुंजीत म्हटलेली मंगलाष्टके. एकीवर वडिलांच्या तिरप्या अक्षरात लिहिले होते : 'आई – जात्यावर. मे ८६.' म्हणजे माझी आजी. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत, पहाटे. हे कुठल्या कंपनीच्या क्लाऊडमध्ये आहे?

अशा कॅसेटी आज हजारो घरांत आहेत आणि त्या रोज थोड्याथोड्या मरताहेत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत सव्वाशे मीटरहून अधिक फीत असते. तिच्यावरचा चुंबकीय थर दमट हवेत खराब होतो, बुरशी धरते. फितीला हेडवर दाबून धरणारा छोटासा लोकरी तुकडा गळून पडतो आणि आवाज एकदम बसका होतो. त्याहून वाईट म्हणजे वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही संपत चालले आहेत. मी तपकीर गल्लीत चौकशी करत एका वृद्ध कारागिरापर्यंत पोचलो. त्यांनी माझ्या जुन्या डेकचा पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसले आणि एक बारीक स्क्रू कानाने अंदाज घेत फिरवला, तसा घोगरा आवाज कोवळ्या उन्हासारखा स्वच्छ झाला. हेड फितीला काटकोनात बसवायचा तो स्क्रू. "हे काम शिकायला कोणी येत नाही," एवढेच ते म्हणाले. पैसे घेताना संकोचले.

पुढचे काम घरी होते. डेकमधून वायर काढून संगणकाला जोडायची आणि 'ऑडॅसिटी'सारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ध्वनी उतरवायचा. आवाज कमाल पातळीच्या थोडा खालीच ठेवायचा, कारण डिजिटलमध्ये एकदा फाटला की फाटला. मूळ प्रत न दाबलेली ठेवायची. नव्वद मिनिटांना साडेनऊशे एमबी लागतात, ती चैन आज परवडते. गाडीसाठी त्यातून एमपी३ करायचे. इतके मजबूत संगणक आले तरी नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, हे मला फार आवडले. संध्याकाळी आई शेजारी येऊन बसे. "हा खोकणारा तुझा मामा," "ही भांडी घासतेय ती यमू," असे ती सांगत जाई, आणि लेक एका वहीत उतरवून घेई. संगणकाला यातले काहीच कळले नसते.

आजीची कॅसेट लेकीने विशेष मन लावून केली. फितीची सळसळ, मागची घरघर, सगळे काढून टाकले. ओव्या लख्ख ऐकू येऊ लागल्या. आम्ही थक्क झालो. आईने दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, "जातं कुठं गेलं?"

प्रोग्रॅमने जात्याची घरघर हा बिघाड समजून पुसली होती! एकसुरी, खालच्या पट्टीतला, सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, एवढेच त्याला ठाऊक. लेकीचा चेहरा उतरला. पण मूळ प्रत जशीच्या तशी होती, तीच मग गाडीसाठी घेतली, सळसळीसकट.

मे महिन्यात गावी निघालो. कराड सोडल्यावर लेकीने आजीची कॅसेट लावली (मी 'कॅसेट'च म्हणणार). ओव्या ऐकू येत होत्या, पण जाते नव्हते. आईने माझ्याकडे संशयाने पाहिले. मी समजावून सांगितले, की ते आहे, पण गाडीची आणि रस्त्याची घरघर नेमकी त्याच पट्टीतली आहे, त्यामुळे झाकले जाते. तिला ते पटलेले दिसले नाही. कोयनानगरच्या पुढे फोनचे नेटवर्क गेले, पेनड्राइव्ह चालू राहिला. कुंभार्ली घाट लागण्याआधी एका टपरीपाशी चहाला थांबलो. मी इंजिन बंद केले, यंत्र तसेच चालू राहिले. आणि चारही काचा बंद असलेल्या त्या शांततेत, दाराच्या खालच्या स्पीकरमधून, जाते फिरू लागले. आधी अगदी मंद, मग स्पष्ट. मधूनच घास टाकताना जरा अडखळे, पुन्हा लय धरी. आजीचा श्वासही कळत होता.

चहा पिऊन झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, उजेडी पोचायला हवे. मी किल्लीला हात घातला.

"थांब रे जरा," आई मागून म्हणाली. "दळण संपू दे."